नकाशातला ‘कशावरून’चा रकाना

वाद दोन दिवसांच्या एका वर्गावरून सुरू झाला. संग्रहालयांतले सहायक, पुरातत्त्व खात्यातली तरुण मंडळी, जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करणारे वास्तुविशारद आणि लेणी दाखवणारे गाइड यांना संगणकावर नकाशे करायला शिकवण्याचा हा अगदी प्राथमिक वर्ग होता. शिकवणारी मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत मामांकडे उतरली होती. मामा भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झालेले. जेवणानंतर तिने लॅपटॉप उघडला, मामांनी चष्मा लावला आणि तोंडालाही तोंड लागले. नावे छापू नका असे दोघांनीही बजावले आहे, तेव्हा मामा आणि भाची एवढ्यावर भागवतो. मधे तोंड घालायची खोड मला आहेच; ते शब्द ज्याचे त्याला ओळखू येतील.

मामा : दोन दिवसांत नकाशा? बाई, आम्हाला नुसती साखळी सरळ धरायला शिकण्यात दिवस जायचे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. चढउतारावर ती क्षितिजाला समांतर धरायची असते; लोंबली की माप वाढलं आणि बांधावर भाऊबंदकी पेटली. अन् तू गाइडांना दोन दिवसांत मोजणीदार करू लागलीस?

भाची : मोजणीदार कोण करतंय, मामा? तुमची मोजणी कोर्टात उभी राहते. यांचा नकाशा कोर्टात जायचा नाही, जाऊही नये. यांच्याकडे वेगळाच पेच आहे. संग्रहालयाची जुनी नोंदवही उघडली की लिहिलेलं असतं, ‘मूर्ती, काळा पाषाण, पैठणजवळ शेतात सापडली.’ पैठणजवळ म्हणजे कुठे? गोदावरीच्या अलीकडे की पलीकडे? पांढरीच्या टेकाडावर की काळ्या रानात? वस्तू काचेच्या कपाटात आली आणि तिची जागा हरवली. जागा परत मिळवता येते का हे निदान शोधता यावं, एवढ्यासाठी हा वर्ग आहे.

मामा : त्याला कॉम्प्युटर कशाला? गट नंबर लिहिला की झालं.

भाची : लिहिलाय कुणी? आणि लिहिला असला तरी कोणत्या सालचा? आधी सर्वे नंबर होते, मग एकत्रीकरण होऊन गट पडले, मग पोटहिस्से. १९५० साली लिहिलेला नंबर आजच्या सातबाऱ्यावर शोधून दाखवा.

मामा : (थोडे थांबून) हां, ते मानलं. नंबर फिरले. त्याआधीचे निजामाच्या राज्यातले कागद तर उर्दूत. आमच्या कार्यालयात ते वाचणारे म्हातारे एकेक करून निवृत्त झाले आणि दप्तर मुकं झालं.

इथे वाचकासाठी थोडे. ज्या सॉफ्टवेअरवर हा वर्ग चालतो त्याचे नाव क्यूजीआयएस. गॅरी शेरमन या अमेरिकन माणसाने २००२ मध्ये त्याची सुरुवात केली आणि आज जगभरची माणसे ते मिळून सांभाळतात. विकत घ्यावे लागत नाही, आणि ज्या संग्रहालयाला दिवे बदलायलाही अर्ज करावा लागतो त्याला हा मुद्दा लहान नाही. कामाची रीत थोडक्यात अशी : जमिनीवरची प्रत्येक गोष्ट बिंदू, रेघ किंवा क्षेत्र यांपैकी काहीतरी म्हणून मांडायची. दरवाजा हा बिंदू, तटबंदी ही रेघ, मकबऱ्याचे आवार हे क्षेत्र. सारख्या गोष्टींचा एक थर, असे थर एकावर एक. प्रत्येक आकृतीमागे तक्त्याची एक ओळ असते आणि त्या ओळीत काय लिहायचे हे करणाऱ्याने ठरवायचे. चित्र सगळ्यांना दिसते, तक्ता फारसा कोणी उघडत नाही. भांडण पुढे त्या तक्त्यावरच आले.

मामा : तुझ्या पडद्यावर ही निळी रेघ कसली?

भाची : नहर-ए-अंबरी. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली १६१० मध्ये, आणि उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं. सरावासाठी मी तीच घेतलीय. हवा खेळायला आणि आत उतरून साफसफाई करायला ठिकठिकाणी वर तोंडं ठेवलेली आहेत. पुण्यात कात्रजच्या नळाला अशा तोंडांना उच्छ्वास म्हणतात, तसेच हे.

मामा : तोंडं दिसतात, कबूल. पण रेघ तर जमिनीखाली आहे. मधलं कुणी बघितलं?

भाची : सगळीकडे कुणीच नाही.

मामा : मग ही रेघ ओढली कुणी?

भाची : दोन तोंडांच्या मधे मीच जोडली.

मामा : बघा! (हे मला.) आमच्याकडं कुणी पोरानं दोन दगड बघून मधला बांध मनानं ओढला असता, तर साहेबांनी टिपण तोंडावर फेकलं असतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा मी पाहिलाय. तिथं कुंड्या अशा ओळीनं उभ्या आहेत की रस्ता आपोआप कळतो. इथं शहर वाढून बसलंय डोक्यावर. तोंड कुणाच्या ओट्याखाली गेलं, कुणाच्या संडासाखाली.

भाचीने उत्तर दिले नाही, नहरीचा तक्ता उघडला. मला तो जवळून पाहायला मिळाला. प्रत्येक ओळीत क्रमांक, प्रकार, कुणी पाहिले, कोणत्या तारखेला, किती मीटर इकडेतिकडे असू शकते, असे रकाने होते. आणि एकाला तिने सरळ नाव दिले होते, ‘कशावरून’. त्यात मनाला येईल ते लिहिता येत नाही. पाचांपैकी एक निवडायचे : स्वतः पाहिले, जुना नकाशा, ग्रंथ, गावकऱ्याने सांगितले, अंदाज. निवडीप्रमाणे रेघेचे रूप बदलते. पाहिलेला तुकडा सलग निळा, अंदाजाचा तुटक आणि फिका. तिने फक्त ‘स्वतः पाहिले’ एवढेच दाखवायला सांगितले तेव्हा शहरभर डौलाने पसरलेल्या त्या नहरीचे चारदोन तुकडे पडद्यावर उरले. मामा पहिल्यांदा गप्प झाले. पण खात्यात आयुष्य गेलेला माणूस, फार वेळ गप्प बसतो होय!

मामा : एक सांग. ‘गावकऱ्यानं सांगितलं’ हे चौथ्या नंबरवर कामून?

भाची : क्रमाला काही अर्थ नाही, मामा. यादी आहे नुसती.

मामा : तुझ्या मनात नसेल. भरणारा मात्र वरूनच निवडतो, खालच्याला कमी लेखतो. शिवेच्या तंट्यात मी किती वेळा पाहिलंय, कागद एक सांगतो आणि गुरं राखणारा म्हातारा दुसरं; खणून बघितलं की दगड म्हाताऱ्याच्या जागेवर निघतो. ‘ग्रंथ’ म्हणजे तरी काय, कुणातरी साहेबाला गावकऱ्यानंच सांगितलेलं.

भाची : मग त्या गावकऱ्याला काय म्हणून नोंदवू?

मामा : वय लिही, किती वर्षं तिथं राहतो ते लिही, आणि स्वतः पाहिलं की आज्यानं सांगितलं ते लिही. नाव नको लिहू, उगाच म्हाताऱ्याला चकरा मारायला लागतील.

तिने तेव्हाच तीन रकाने वाढवले. माझ्या मते त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे काम हेच झाले. नकाशा शिकवणाऱ्या पुस्तकांत हे रकाने मी तरी पाहिलेले नाहीत.

मामा : आता दुसरं ऐक. २०१९ मध्ये याच मुकुंदवाडीतली पोरं रिकाम्या कॅन घेऊन रेल्वेत बसायची आणि औरंगाबाद स्टेशनावरून पाणी भरून आणायची. परदेशातल्या वर्तमानपत्रांत फोटो आले. इथं नळाला पाणी कधी येईल त्याचा पत्ता नाही. अशा ठिकाणी तू चारशे वर्षांपूर्वीच्या पाण्याची निळी रेघ शिकवणार. लोकांना राग नाही यायचा?

भाची : यावा. पण राग रेघेवर कशाला? पाण्याच्या नव्या योजनेसाठी शहरात रस्ते खोदले जातात. खोदणाऱ्या ठेकेदाराच्या हातातल्या नकाशावर नहर असते का? नसते. मग जेसीबीचा दात जिथं लागेल तिथं लागतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, खोदकामात प्राचीन भुयार सापडलं. भुयार कसलं, फोडलेली नहर असते ती! महापालिकेचा नळांचा थर आणि नहरीचा थर एकावर एक ठेवला, तर खोदायच्या आधी कुणीतरी म्हणू शकेल की इथं हातानं खोदा.

मामा : म्हणू शकेल. म्हणेल का?

भाची : ते माझ्या वर्गात नाही शिकवता येत.

मामा : अन् तुटक रेघेच्या भरवशावर ठेकेदार थांबेल?

भाची : ‘या रस्त्याखाली बहुधा नहर आहे, वीस मीटर इकडेतिकडे’ एवढं लिहिलेलं असलं तरी सावध होता येतं. आज तेवढंही नाही.

माझा कौल इथे भाचीला. खात्री नसलेली माहिती अजिबात न दाखवणे हा सरकारी दप्तराचा जुना शिरस्ता आहे आणि त्याने वास्तूंचे रक्षण झालेले नाही. पाणचक्कीचे पाणी सुमारे सहा किलोमीटरवरच्या डोंगरातून खापरी नळांनी येते, ही गोष्ट प्रत्येक गाइड पर्यटकांना ऐकवतो. ते सहा किलोमीटर कुठून कुठून येतात हे मात्र कोणी दाखवत नाही. तुटक रेघ का होईना, कोणी ओढली तर ती पुसायला किंवा पक्की करायला दुसरा पुढे येईल.

मग जुन्या नकाशांकडे गाडी वळली. जुना कागदी नकाशा स्कॅन करून त्यावरच्या ओळखीच्या जागा आजच्या जमिनीशी जुळवायच्या, म्हणजे तो आजच्या नकाशावर जाऊन बसतो. नवशिक्यांना हा धडा फार आवडतो, कारण त्यात जादू दिसते. भाचीनेही कौतुकाने करून दाखवले. जुन्या शहराच्या एका नकाशावर भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा अशा जागा टोचल्या, बटण दाबले, कागद ताणला-आखडला गेला आणि चपखल बसला. खाली चूक किती याचा आकडा आला : शून्य.

मामा : शून्य?

भाची : मुद्दामच दाखवते हे. वर्गातही सगळे टाळ्या वाजवतात.

मामा : टाळ्या? मी मोजणी रद्द केली असती. बंदिस्त मोजणीत सुरुवातीच्या दगडावर परत आल्यावर थोडाफार फरक येणारच. फरक आला नाही म्हणजे पोरानं घरी बसून आकडे भरलेत.

भाची : अगदी तसंच आहे. या पद्धतीला थिन प्लेट स्प्लाइन म्हणतात. टोचलेला प्रत्येक बिंदू ती जबरदस्तीनं जागेवर आणते, त्यामुळे त्या बिंदूंवर चूक शून्यच दिसणार. चूक मधल्या जागेत जाऊन दडते. म्हणून चार दरवाजे टोचायचे आणि पाचवा मुद्दाम सोडायचा. नकाशा बसला की त्या पाचव्यापाशी जाऊन बघायचं, कितीनं चुकला. आता बघा, रंगीन दरवाजा सोडला होता. तो रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसला.

मामा : हे पहिल्या दिवशी शिकव. बटण दुसऱ्या दिवशी.

चुका आणखीही असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ या पृथ्वीच्या जुन्या मापावर बेतलेले, आपला फोन वेगळ्या मापावर चालतो. दोन्ही एकच समजलात तर आपल्या भागात जागा शंभर-सव्वाशे मीटरने सरकते. एवढ्यात दरवाजा नाल्यात पडतो. ज्यांच्या नावाचे हे माप त्या एव्हरेस्टसाहेबांच्या आधी ज्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये सुरू केली तो विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. मामांनी ती जाऊन पाहिली आहे आणि तो प्रसंग ते लांबवून सांगतात. तो मी गाळतो.

देवनागरीचा त्रास तर आपला खासच. शेपफाइल नावाची जुनी फाइल अजून सगळीकडे चालते. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट जागा, आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते. ‘दरवाजा’ लिहावा तर ‘दरव’ उरतो. कुणी जुन्या डीटीपी फाँटमधली यादी तशीच चिकटवली तर नावांच्या जागी नुसती अक्षरांची खिचडी. उपाय साधा आहे : युनिकोडमध्ये लिहायचे आणि जिओपॅकेज या नव्या फाइलीत साठवायचे. पण इंग्रजी पुस्तकावरून शिकवणाऱ्याला ही अडचण सुचतच नाही, आणि शिकणारा गुपचूप इंग्रजीत नावे लिहू लागतो. मग ‘मकाई’चा काय उच्चार होतो ते विचारू नका.

भाची : दुसऱ्या दिवशीचा मुख्य सराव बीबी का मकबऱ्याचा. १९५८ चा कायदा, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. सॉफ्टवेअरला सांगायचं, या क्षेत्राभोवती शंभर मीटरचं कडं काढ.

मामा : अन् ते काढतं?

भाची : पहिल्या खेपेला अर्ध्या वर्गाचं कडं पृथ्वीला गुंडाळून येतं. कारण थर अक्षांश-रेखांशात असतो आणि सॉफ्टवेअर शंभर मीटरऐवजी शंभर अंश घेतं. हसतात सगळे, पण पुन्हा विसरत नाहीत. मग थर मीटरवर चालणाऱ्या पट्ट्यात आणायचा. आपल्या शहराला ४३ उत्तर हा पट्टा लागतो, नागपूरकडे ४४.

मामा : आणि कडं मोजायचं कुठून? घुमटापासून?

भाची : तीच तर दुसरी चूक. लोक घुमटावर एक बिंदू ठेवतात आणि तिथून शंभर मीटर मोजतात. ते आवाराच्या आतच संपतं. कायदा हद्दीपासून मोजायला सांगतो.

मामा : हद्द कुणी दाखवली?

भाची : उपग्रहाच्या चित्रात भिंत दिसते ना.

मामा : (आवाज चढवून) भिंत म्हणजे हद्द? तीस वर्षं हेच सांगत आलो लोकांना, बाई! भिंत कुठंही असू शकते. हद्द अधिसूचनेत आणि तिच्यासोबतच्या नकाशात असते. तू चित्रातली भिंत धरलीस, ती पाच मीटरनं चुकली, की तुझ्या कड्यात बेगमपुऱ्यातलं एखादं घर येतं नाहीतर सुटतं. आत आलेल्याला वरचा मजला चढवता येत नाही, साधी डागडुजी करायची तरी परवानगीसाठी खेटे. त्याच्या पोरीचं लग्न अडतं गं अशानं. २०२५ च्या जूनमध्ये इथं जालना रोडला महापालिकेचे जेसीबी चालले ते तुला आठवतंय ना? रस्त्याची रुंदी आधी कागदावरच ठरलेली होती. नकाशावरची रेघ कधीच नुसती रेघ नसते.

भाची : माझा नकाशा सरावाचा आहे.

मामा : तुझा आहे. तुझ्या विद्यार्थ्यानं तो मोबाइलवर पाठवला की तो कुणाचा? दुसऱ्या दिवशी गल्लीत बोभाटा, सरकारी नकाशात तुमचं घर गेलं.

मामांचा हा मुद्दा खोडता येण्याजोगा नाही. वारसा जपणाऱ्या मंडळींना आपण सज्जन बाजूला आहोत असे वाटत असते, त्यामुळे आपल्या रेघेने कुणाचे नुकसान होऊ शकते ही शंका त्यांच्या मनात उशिरा येते. जमिनीच्या खात्यातल्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून असते, कारण नुकसान झालेला माणूस त्याच्या टेबलापुढे येऊन उभा राहतो. भाचीने निदान एवढे मान्य केले की सरावाच्या प्रत्येक नकाशावर ‘कायदेशीर हद्द नाही’ हे ठळक छापायचे आणि कड्याची कड रेघेने न दाखवता पाच-दहा मीटरचा धूसर पट्टा म्हणून दाखवायची. पुसट कड पाहून भांडायला कोणी येणार नाही असे मामांचे म्हणणे नाही. पण चौकशीला तरी येईल.

यानंतरचा भाग मला अनपेक्षित होता. मला वाटले होते, मामा जुन्या वळणाचे, ते म्हणतील जागा गुप्त ठेवा. भाची नव्या काळाची, ती म्हणेल सगळे खुले करा. झाले उलटे.

भाची : फोन सहा दशांशांपर्यंत जागा देतो, म्हणजे अकरा सेंटिमीटर. तेवढी फोनची लायकी नसते, उघड्यावरही तीन-पाच मीटर चुकतो, ते सोडा. पण रानातल्या वीरगळाची किंवा एकाकी मूर्तीची जागा मी लोकांसाठीच्या प्रतीत दोनच दशांशांपर्यंत ठेवायला सांगते. म्हणजे किलोमीटरभराचा घोळ. गुप्तधनाच्या नादानं देवळांच्या फरश्या उखडणारे आणि मूर्ती पळवणारे कमी नाहीत. सीरियात अपामियाच्या अवशेषांची २०११ नंतर चोरांनी खड्डे पाडून चाळण केली, उपग्रहाच्या चित्रात मोजता येतील असे खड्डे.

मामा : ते चोर तुझा नकाशा बघून आले होते?

भाची : नाही, पण...

मामा : चोराला जागा माहीत असतेच. शेतकऱ्याला माहीत असते. गावातल्या पोरांना माहीत असते. माहीत नसतं ते फक्त सरकारला. गावनकाशा आमच्याकडं फी भरून कुणालाही मिळायचा, लपवलेला नव्हता. म्हणून तर खाडाखोड झाली की कुणीतरी बोंब मारायचा. तू किलोमीटरभराचा घोळ घालशील आणि उद्या तिथून रस्ता जाईल, तेव्हा रस्तेवाला म्हणेल, तुमच्या नकाशात तर वीरगळ तिकडं आहे.

भाची : खात्याकडे नेमकी प्रत राहील.

मामा : खात्याची प्रत! ती कपाटात, अन् कपाटाची किल्ली रजेवर.

इथे मी बारवांची आठवण करून दिली. रोहन काळे यांनी २०२० च्या सुमारास सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेत लोकांनी आपापल्या गावच्या बारवांच्या जागा कळवल्या आणि त्या इंटरनेटवरच्या नकाशावर खुल्या मांडल्या गेल्या. त्यातून गावोगाव बारवा साफ झाल्या, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लागले. खुल्या नकाशाने तिथे राखणदार मिळवून दिले. भाचीचे म्हणणे, बारव कोणी उचलून नेत नाही. मूर्ती नेतात. मी कोकणातल्या कातळशिल्पांचेही नाव काढले. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा शिल्पे नेमकी कुठे आहेत हा प्रश्न एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. ज्यांनी आधी वर्षानुवर्षे सडे तुडवून नोंदी केल्या होत्या त्यांच्याकडेच उत्तर होते. कातळशिल्पही कोणी उचलून नेत नाही, भाची पुन्हा म्हणाली. तिचा हा फरक मला पटतो : जी वस्तू हलवता येते तिची जागा झाकावी, जी हलत नाही तिची उघडी ठेवावी. मामांना तो पटला नाही आणि ते तसेच झोपायला गेले.

सकाळी चहाच्या वेळी शेवटची चकमक झाली, ती वर्गाच्या आखणीवर.

मामा : दोन दिवस खोलीत बसून हे लोक महिन्याभरात सगळं विसरणार.

भाची : विसरतात. अर्ध्यांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टाकायचीच परवानगी नसते.

मामा : मग दोनातला एक दिवस बाहेर काढ. भडकल दरवाजापासून चालत निघा, पाणचक्कीच्या महमूद दरवाजापर्यंत जा. प्रत्येकानं हातात कागद घ्यायचा, दिसेल ते काढायचं, लोकांना विचारायचं. संध्याकाळी तेच कॉम्प्युटरवर चढवायचं.

भाची : त्यात सॉफ्टवेअरचा निम्मा भाग राहून जाईल.

मामा : जाऊ दे.

भाची : आणि दरवाजा कशाला म्हणायचं यावरून वाटेतच भांडणं होतील. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, पण कमान उरलेली दरवाजा धरायची की नाही, खिडकी मोजायची की नाही, बेगमपुऱ्याच्या तटाचे दरवाजे शहराचे म्हणायचे की वेगळे...

मामा : होऊ देत की. मोजायच्या आधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, हे त्यांना रस्त्यावरच कळेल.

तिने आखणी बदलली. पहिला दिवस पायी, दुसरा संगणकावर. उरलेला भाग घरी करून पाहायला लेखी दिला. माझ्या मते अशा प्रत्येक प्राथमिक वर्गाची आखणी हीच असावी. बटणे कुठे आहेत हे कुणीही फुकटच्या चित्रफिती पाहून शिकेल. शिकवावे लागते ते एवढेच, की ओढलेल्या प्रत्येक रेघेला कोणी तरी एक दिवस ‘कशावरून’ म्हणून विचारणार आहे.

या वाटेने जाणाऱ्यांना एक विनंती. वर्गाला जाताना शिकवणाऱ्याने दिलेली परगावची तयार माहिती बाजूला ठेवा आणि आपल्या संग्रहालयाच्या नोंदवहीचे पहिले पान किंवा आपल्या गावच्या दहा जागांची यादी घेऊन जा : वेस, पार, बारव, वीरगळ, ईदगाह, समाधी, जुनी विहीर. शहराचे नाव लिहाल तर ते कोणत्या सालचे तेही लिहा. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर ही चारही नावे कुठल्या ना कुठल्या कागदावर आहेत, आणि कागद शोधणाऱ्याला चारही लागतील. तक्त्यात ‘कशावरून’ आणि ‘तारीख’ हे दोन रकाने आधी करा. ते भरल्याशिवाय नकाशा कुणालाही पाठवू नका.